ट्रकचे आंस व वाढीव सामानाचा भार

जांब समर्थ हें गांव श्रीसमर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तें जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत असून तालुक्याच्या दक्षिण अंगानें गोदावरी वाहते. पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ सालीं सुरू झाल्यापासून त्याच्या डाव्या कालव्याच्या पाण्यानें या बाजूची कांहीं कोरडवाहू जमीन भिजूं लागली, आणि ज्वारी-कापसाच्या शेजारीं ऊंस उभा राहिला. आज शेजारच्या अंबड तालुक्यांत अंकुशनगर येथें व आमच्या तालुक्यांत तीर्थपुरी येथें साखर-कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास गळिताचा हंगाम सुरू झाला, कीं बैलगाड्या, ट्रॅक्टर व ट्रक यांची रांग रात्रंदिवस रस्त्यावर दिसते. प्रस्तुत लेखाचा विषय याच रांगेंत सांपडला.

एका हंगामांत आमच्या ओळखीच्या एका ट्रकचालकावर प्रसंग ओढवला. ऊंस भरून जात असतां एका मोरीजवळ त्याच्या ट्रकच्या पुढच्या चाकावरील मुख्य पाटा तुटला, ट्रक एका अंगास ओढला गेला आणि रस्त्याच्या कडेच्या चारींत जाऊन टेकला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. परंतु मालकानें दुरुस्तीचा खर्च चालकाच्या पगारांतून कापण्याचें ठरविलें. "वजन हद्दींत होतें, कांट्याची पावती आहे. तेव्हां पाटा तुटला तो हाकण्यांतील हयगयीनेंच," असें त्याचें म्हणणें. त्या चालकाचा मुलगा माझ्या वर्गांत होता. विज्ञानाच्या तासाला त्यानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, पावती जर बरोबर आहे, तर पाटा तुटला कां?"

प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर देण्यास आम्हांस दोन तास लागले. तेंच येथें थोड्या विस्तारानें मांडतों.

आंसावरील भार म्हणजे काय?

चाकें ज्या आडव्या दांड्याच्या टोकांस बसविलेलीं असतात, त्यास पुस्तकांत आंस व मोटारवाल्यांच्या बोलींत एक्सल म्हणतात. एका आंसाचीं सर्व चाकें मिळून जमिनीवर जितका भार टाकतात, तो त्या आंसावरील भार होय. संपूर्ण गाडीचें वजन ही एक गोष्ट. तें वजन कोणत्या आंसावर किती पडतें, ही दुसरी. या दोहोंतील भेद ध्यानीं न धरल्यामुळेंच पुष्कळ घोटाळे होतात.

शेतकऱ्याच्या मुलांस हा भेद नवा नाहीं. बैलगाडींत माल फार मागें भरला, तर जूं वर उचललें जातें, बैलांचे गळे आवळतात आणि गाडी उलाळ झाली असें आपण म्हणतों. उलट माल फार पुढें आला, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो व ते चार पावलांत थकतात. दोन्ही वेळीं माल तितकाच, गाडी तीच, बैल तेच. बदलली ती केवळ मालाची जागा. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाल्यावर धुरा हातानें उचलून पाहतो, आणि गरज वाटल्यास दोन पोतीं पुढची मागें किंवा मागचीं पुढें करितो.

ट्रकला बैल नाहींत. त्याचा पुढचा आंस हीच त्याची मान. परंतु बैल जसा मान टाकून किंवा जागींच थांबून आपलें दुःख कळवितो, तसें लोखंड कळवीत नाहीं. तें पुष्कळ दिवस सोसतें व एके दिवशीं तुटतें. म्हणून जें काम बैलाच्या बाबतींत डोळ्यांनीं व हातानें होतें, तें ट्रकच्या बाबतींत गणितानें करावें लागतें.

आपल्या देशांत दोन आंसांच्या सामान्य ट्रकला पुढें दोन व मागें चार चाकें असतात. त्यांच्या भाराची मर्यादा केंद्र सरकारनें जुलै २०१८ मध्यें वाढविली. पूर्वी पुढच्या आंसावर ६ टन, मागच्यावर १०.२ टन व एकूण १६.२ टन अशी मर्यादा होती. ती अनुक्रमें ७ टन, ११.५ टन व १८.५ टन अशी झाली. येथें टन म्हणजे १,००० किलो समजावा. अर्थात् ज्या ट्रकच्या नोंदणींत जो आंकडा लिहिला असेल तोच त्या ट्रकला लागू. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, मर्यादा एक नसून तीन आहेत, व तिन्ही एकाच वेळीं पाळावयाच्या आहेत.

तरफेचा नियम

आतां वजनाची वांटणी कशी होते तें पाहूं. पदार्थविज्ञानांत आपण तरफ शिकलों आहों. टेकूपासून वजन जितकें दूर, तितका त्याचा प्रभाव अधिक, हें तिचें सार. ट्रक म्हणजे दोन आंसांवर टेकलेली एक मोठी तरफच आहे. मागचा आंस हा टेकू मानावा, आणि पुढील नियम वापरावा:

एखाद्या वस्तूचें वजन गुणिलें मागच्या आंसापासून तिचें पुढील बाजूचें अंतर, भागिलें दोन आंसांमधील अंतर. हा जो भागाकार येईल तितका भार पुढच्या आंसावर पडतो. उरलेला भार मागच्या आंसावर.

वस्तु दोन आंसांच्या अगदीं मध्यावर असेल, तर भार निम्मानिम्म होतो. ती बरोबर मागच्या आंसावर असेल, तर सर्व भार मागें पडतो. येथवर कोणासहि आश्चर्य वाटणार नाहीं. परंतु वस्तु जर पुढच्या आंसाच्याहि पुढें टांगलेली असेल, तर तिचें अंतर आंसांमधील अंतराहून मोठें होतें. म्हणजे पुढच्या आंसावर तिच्या स्वतःच्या वजनाहूनहि अधिक भार येतो, व मागचा आंस तितका हलका होतो. तसेंच वस्तु मागच्या आंसाच्या मागें लोंबत असेल, तर मागच्या आंसावर तिच्या वजनाहून अधिक भार येऊन पुढचा आंस उचलला जातो. हेंच गाडीचें उलाळ होणें. या एका नियमांत प्रस्तुत लेखाचें सर्व मर्म आहे.

वाढीव सामान कोठून येतें?

ट्रक पुष्कळदां कारखान्यांतून नुसत्या सांगाड्याच्या रूपानें बाहेर पडतो. त्यावर लांकडी किंवा लोखंडी हौदा बांधण्याचें काम स्थानिक कारागीर करितात. हे कारागीर आपल्या कामांत तरबेज असतात. परंतु मालकाची मागणी बहुधा "मजबूत करा" एवढीच असते, आणि मजबुती म्हणजे जाड पत्रा असा समज सर्वत्र आहे. हौदा झाल्यावर हौस व सोय यांची पाळी येते. पुढें लोखंडी गार्ड, केबिनवर सामान ठेवण्यास कॅरिअर, त्यावर ताडपत्री, दोरखंड व चालकाचें बिऱ्हाड. मागें हत्यारांची पेटी, जादा स्टेपनी, पाण्याची टांकी, सांखळ्या. एकेक वस्तु पाहिली तर क्षुल्लक. "एवढ्याशा लोखंडानें ट्रकला काय होणार?" असा प्रश्न मालक विचारतो. त्याचें उत्तर आंकड्यांनीं देऊं.

एक उदाहरण

समजा, एका ट्रकच्या दोन आंसांमधील अंतर ४ मीटर आहे. रिकामा असतां त्याच्या पुढच्या आंसावर ३,२०० किलो व मागच्या आंसावर २,८०० किलो भार आहे. त्यांत १२,००० किलो माल भरला, आणि त्या मालाचा गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या १.२ मीटर पुढें आहे. नियमाप्रमाणें मालाचा पुढील आंसावरील भार १२,००० गुणिलें १.२ भागिलें ४, म्हणजे ३,६०० किलो; उरलेले ८,४०० किलो मागें. एकंदर हिशेब असा:

पुढचा आंस ६,८०० किलो. मागचा आंस ११,२०० किलो. एकूण १८,००० किलो.

तिन्ही मर्यादा पाळल्या गेल्या. पुढें २०० किलो, मागें ३०० किलो व एकूणांत ५०० किलो जागा अद्याप शिल्लक आहे. आतां मालकानें १५० किलोचा गार्ड बसविला. तो पुढच्या आंसाच्या १.२ मीटर पुढें आहे, म्हणजे मागच्या आंसापासून ५.२ मीटर. १५० गुणिलें ५.२ भागिलें ४ बरोबर १९५. वजन दीडशें किलोचें, पण पुढच्या आंसावर भार वाढला तो १९५ किलोंनीं. मागचा आंस ४५ किलोंनीं हलका झाला.

पुढचा आंस ६,९९५ किलो. मागचा आंस ११,१५५ किलो. एकूण १८,१५० किलो.

पुढें केवळ पांच किलो जागा उरली. त्यानंतर केबिनवर कॅरिअर आला. सामानासह त्याचें वजन १६० किलो, व जागा पुढच्या आंसाच्या अर्धा मीटर मागें. त्याचे १४० किलो पुढें व २० किलो मागें पडतात.

पुढचा आंस ७,१३५ किलो. मागचा आंस ११,१७५ किलो. एकूण १८,३१० किलो.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. एकूण वजन मर्यादेच्या आंत १९० किलोंनीं आहे. कांट्याची पावती निर्दोष आहे. तरी पुढच्या आंसानें आपली मर्यादा १३५ किलोंनीं ओलांडली आहे! आमच्या वर्गांतील त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर या तीन आंकड्यांत आहे.

यावर एक शक्कल कोणी सुचवील: पुढें भार झाला ना, मग मागें वजन टाकून पुढचा भाग उचलूं. पेटी व जादा स्टेपनी मिळून २०० किलो, मागच्या आंसाच्या २ मीटर मागें टांगूं. करून पाहूं. पुढचे १०० किलो कमी होतील, पण मागें ३०० किलो वाढतील.

पुढचा आंस ७,०३५ किलो. मागचा आंस ११,४७५ किलो. एकूण १८,५१० किलो.

पुढचा आंस अद्याप मर्यादेबाहेरच. मागच्याची शिल्लक जागा संपत आली. आणि एकूण वजनहि दहा किलोंनीं हद्द ओलांडून गेलें. एक चूक दुसऱ्या चुकीनें फेडूं गेलें असतां दोन्ही शिल्लक राहतात. खरा उपाय सरळ आहे. या वस्तु ५१० किलो आहेत, तर तितका माल कमी भरावा. म्हणजे पुढें ६,८८२, मागें ११,११८ व एकूण १८,००० किलो होऊन सर्व मर्यादा पाळल्या जातील. तात्पर्य, वरून जोडलेलें प्रत्येक लोखंड हें मालाच्याच पोटांतून जातें. तें फुकट वाहिलें जात नाहीं. प्रत्येक खेपेस त्याचें भाडें मालकच भरतो.

मालाची जागा

वाढीव सामानाइतकीच मालाची जागाहि महत्त्वाची आहे. ऊंस हा पसरट व हलका माल. हौदा भरला तरी टनांची भरती होत नाहीं, म्हणून मोळ्या उंच रचतात व मागें फाळक्याबाहेर वाढवितात. वरील उदाहरणांतील १२ टन मालाचा मध्य केवळ ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक फूट, मागें सरकला असें समजूं. पुढच्या आंसावरून ९०० किलो उतरून मागच्यावर जातात. पुढें ५,९०० व मागें १२,१०० किलो. एकूण मात्र तेच १८,०००. मागचा आंस ६०० किलोंनीं मर्यादेबाहेर गेला, आणि कांट्यास त्याचा पत्ताहि नाहीं.

जालन्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पोलादी सळयांची गोष्ट याच्या उलट आहे. एक घनमीटर पोलादाचें वजन सुमारें ७,८५० किलो. बारा टन पोलाद दीड घनमीटरांहून थोडें अधिक जागेंत मावतें. हौदा जवळजवळ रिकामा दिसतो, आणि ढीग फूटभर इकडे कीं तिकडे याकडे कोणी लक्ष देत नाहीं. परंतु परिणाम उंसाइतकाच होतो.

परिणाम

पुढचा आंस जड झाला, कीं सुकाणूचें चाक वळविण्यास जोर लागतो, पुढचे टायर लवकर झिजतात व पाट्यांवर ताण येतो. त्यांत ब्रेक दाबतांच सर्व गाडीचा भार क्षणभर पुढें झुकतो. म्हणजे आधींच ओझ्यानें वांकलेल्या मानेवर आणखी ओझें. मागचा आंस जड होऊन पुढचा हलका झाला, तर पुढचीं चाकें जमिनीस नीट धरीत नाहींत. चालक चाक वळवितो, पण ट्रक सरळच जाऊं पाहतो. केबिनवर उंच ठेवलेल्या सामानानें गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचें भय वाढतें.

कांहीं जण यावर जादा पाटे घालतात. पाटा जाड झाल्यानें गाडी खालीं बसत नाहीं हें खरें. पण आंस, बेअरिंग, ब्रेक व टायर हे जसेच्या तसेच राहतात. उलट गाडी न दबल्यामुळें भार अधिक आहे हें डोळ्यांस दिसावयाचें, तेंहि दिसेनासें होतें.

रस्त्याचेंहि ऐका. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक फिरवून मोठी परीक्षा घेण्यांत आली. तीवरून असा अंदाज निघाला कीं, रस्त्याची हानि आंसावरील भाराच्या सुमारें चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला, तर हानि सोळापट. आपल्या उदाहरणांत मागचा भार ११.५ टनांवरून १२.१ टन झाला, म्हणजे पांच टक्क्यांनीं वाढला. पण रस्त्याची हानि सुमारें बावीस टक्क्यांनीं वाढेल. आमच्या भागांतील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनीवरील रस्त्यास हा अधिक मार कसा सोसावा?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील तपशिलाशीं न जुळणारा फेरबदल वाहनांत करतां येत नाहीं. पुढील लोखंडी गार्ड या कलमाच्या विरुद्ध आहेत, असें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें. ११३ व्या कलमांत तर आपल्या विषयास नेमकें लागू पडणारें वाक्य आहे: ज्या वाहनाचें रिकामें वजन नोंदणींतील रिकाम्या वजनाहून अधिक असेल, तें हाकूं नये. म्हणजे ट्रकमध्यें कांडीभर ऊंस नसला, तरी केवळ वाढीव लोखंडानें कायदा मोडला जाऊं शकतो. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भाराचा दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा.

आंस कसा जोखावा?

यास नवें यंत्र लागत नाहीं. साध्या कांट्यावर प्रथम केवळ पुढचीं चाकें घेऊन वजन करावें, नंतर संपूर्ण ट्रकचें, नंतर केवळ मागच्या चाकांचें. कांट्याची फळी व बाहेरची जमीन एका पातळींत असावी, आणि वजन होतांना ब्रेक सोडलेला असावा. नाहीं तर आंकडा चुकतो. पुढचें व मागचें मिळून एकूणाच्या जवळपास आलें, म्हणजे माप बरोबर झालें. हेंच रिकाम्या ट्रकचेंहि एकदां करून तो आंकडा नोंदणींतील आंकड्याशीं ताडून पाहावा.

त्या चालकाच्या मुलानें हेंच केलें. हिशेबाची वही घेऊन तो वडिलांसह मालकाकडे गेला व रिकामा ट्रक जोखण्याची विनंति त्यानें केली. मालकानेंहि ती ऐकली, हा त्याचा मोठेपणा. रिकाम्या ट्रकचें वजन नोंदणींतील वजनाहून तीनशेंवर किलो अधिक भरलें, आणि त्यांतील बहुतेक भार पुढच्या आंसावर निघाला. पाटा केवळ त्यामुळेंच तुटला असें मी म्हणत नाहीं; लोखंड जुनेंहि असेल, मोरीजवळ खड्डाहि असेल. परंतु दोष एकट्या हाकणाराचा नव्हता, एवढें त्या कागदावरून स्पष्ट झालें. गार्ड व कॅरिअर उतरले, आणि कापावयाचा पगार कापला गेला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां ट्रक हाकील, कोणी हौदे बांधील, कोणी ट्रकचा मालक होईल, कोणी कांट्यावर पावत्या लिहील. त्या वेळीं एक प्रश्न विचारण्याची संवय ठेवा: वजन किती, एवढेंच नव्हे, तर तें कोठें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर पावतींत मिळतें. दुसऱ्याचें तुम्हांलाच काढावें लागेल.

अभ्यासासाठीं उदाहरणें

(दोन आंसांमधील अंतर सर्वत्र ४ मीटर धरावें.)

१. १०० किलोची पाण्याची टांकी मागच्या आंसाच्या १ मीटर पुढें बसविली. प्रत्येक आंसावर किती भार वाढेल?

२. २४० किलोची डिझेलची जादा टांकी दोन आंसांच्या मध्यावर आहे. ती १ मीटर पुढें सरकविली, तर पुढच्या आंसावरील भार किती वाढेल?

३. एका ट्रकच्या पुढच्या आंसावर ६,४०० किलो व मागच्यावर ११,९०० किलो भार आहे. त्यांत माल १२,००० किलो आहे. एकूण वजन मर्यादेंत आहे काय? मागचा आंस मर्यादेंत आणण्यास मालाचा मध्य किती पुढें सरकवावा लागेल?

उत्तरें: (१) पुढें २५ किलो, मागें ७५ किलो. (२) ६० किलो. (३) एकूण १८,३०० किलो, म्हणून मर्यादेंत. मालाचा मध्य सुमारें १३.३ सेंटिमीटर पुढें सरकवावा, म्हणजे वीतभरहि नाहीं.